दहा नंबरचं गाणं

आमच्या घरात एकाच वेळी तीन गाणी वाजायची आणि त्यातलं एकही कुणी ऐकत नसे. पुढं रस्त्याला लागून दुकान, मागं राहायच्या दोन खोल्या, आणि दोन्हींच्या मधे दार नव्हतं, निळी सतरंजी टांगलेली होती. सतरंजीनं काय आवाज अडतोय? एका टेपवर भजनाची कॅसेट भरली जात असे, दुसऱ्यावर लग्नाची गाणी, आणि तिसरा टेप गिऱ्हाइकांना ऐकून बघायला ठेवलेला, त्याच्यावर ज्याच्या मनाला येईल ते. वरून समोरच्या बसस्टँडातले हॉर्न. आप्पा, आई आणि मी, आम्ही तीनच माणसं, पण एकमेकांशी ओरडून बोलायचो. नवा पाहुणा आला की बिचकायचा, ह्यांचं भांडण चाललंय की काय. अजून मी फोनवर बोलायला लागले की आमची सूनबाई हळूच उठून आतल्या खोलीत जाते. जाऊ दे. तिला काय सांगायचं, आणि किती सांगायचं.

आमचं घराणं किराण्याचं. आजे-पणजे सगळे तागडी धरून बसलेले. आप्पांना मात्र गुळाच्या ढेपेत आणि तूरडाळीच्या पोत्यांत कधी रस वाटला नाही. थोरल्या काकांपासून वेगळं निघताना त्यांनी दुकानाचा एक गाळा तेवढा मागून घेतला आणि त्यात कॅसेटी भरून द्यायचा धंदा काढला. पाटी रंगवून घेतली, ‘महानंदा कॅसेट सेंटर, चौसाळा’. महानंदा म्हणजे मी. काका पाटीखाली उभे राहून म्हणाले, “गाणी इकतूस व्हय बे? उद्या वारा इकशील.” आप्पा नुसते हसले. आप्पांचं हसणं हे एक प्रकरणच होतं. कुणी अपमान केला की ते जास्त गोड हसायचे आणि मग आत येऊन आईवर चिडायचे.

आईला त्या गाण्यांनी नुसता जीव नकोसा केला होता. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती लिंगपूजेला बसे. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. डोळे मिटून बेल वाहता वाहता बाहेरच्या टेपवरचं काहीतरी तिच्या तोंडात शिरायचं आणि मंत्राच्या मधेच भलतीच ओळ बाहेर पडायची. मग कपाळावर हात मारून पुन्हा पहिल्यापासून. पण सवय कशी असते बघा. लाइट गेली की सगळे टेप एकदम बंद पडायचे, आणि आई भाकरी थापता थापता थांबायची. “काय झालं गं?” म्हणायची. शांतता झाली की तिला काहीतरी बिघडल्यासारखं वाटे. न्याहारीला सुशीला असायचा, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाण्याचं कूट. दुपारी भाकरी, येसराच्या पिठाची आमटी आणि खलबत्त्यात कुटलेली चटणी. त्या खलबत्त्याचा ठोका कित्येकांच्या कॅसेटीत भरला गेला असेल, देव जाणे.

धंद्याची रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडं कंपनीच्या मूळ कॅसेटी होत्या, त्यावरून आम्ही कोऱ्या कॅसेटी भरून द्यायचो. चोरीच म्हणा की. पण तेव्हा कुणाला ती चोरी वाटत नसे, अख्खा जिल्हा तेच करत होता. भिंतीवर पुठ्ठ्याच्या याद्या लावलेल्या असत. एकेका कॅसेटीची गाणी, पुढं नंबर. गिऱ्हाईक यायचं, बोट फिरवायचं, ह्यातलं दोन नंबर, त्यातलं सात नंबर, आणि मी शाळेतून आल्यावर ती निवडक गाणी एकामागं एक भरून ठेवायची. हात इतका बसला होता की डोळे झाकून बरोब्बर गाण्याच्या तोंडाशी टेप थांबवायचे. नववीत होते मी. शहाणपणा नुसता उतू जात होता.

सगळ्यात जास्त चालायची ती गयाबाईंची कॅसेट. गयाबाई तेलगावकडच्या. ऊस तोडायला जाणारी बाई, पण गळा असा की जत्रेतली माणसं भेळ टाकून पुढं यायची. नवरा किसनबा डफ वाजवायचा. कुठल्याशा कंपनीनं त्यांची एकच कॅसेट काढली, दहा गाण्यांची. त्यातलं पहिलंच गाणं, ‘फटफटीवर बसंना माझी सासू’. अरे बाप रे! त्या सासूनं आमचं घर चालवलं असं म्हटलं तरी चालेल. लग्न असो, बारसं असो, जीपगाडी असो, सासू हवीच. तीन नंबर चालायचा, पाच नंबर चालायचा. दहा नंबर मात्र कुणी कधी मागितला नाही. यादीवर नुसतं ‘कोयत्या’ असं लिहिलं होतं. एकानं विचारलं होतं, “ह्ये काय हाय, नंदाबाई?” मी म्हणाले, “काय की. रडकं असंल.” ते गाणं मी ऐकलेलं नव्हतं. खरं तेच सांगते. दुकानातली शेकडो गाणी मला पाठ होती आणि ते एक मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी कपिलधारच्या जत्रेत आप्पांनी कॅसेटींचा मांडव टाकायचं ठरवलं. जत्रेला आमच्या लिंगायत समाजाची माणसं लांबलांबून येतात, दर्शन घेतात, धबधब्याखाली उभी राहतात आणि जाताना काहीतरी घेऊन जातात. निवडक गाणी भरत बसायला तिथं वेळ कुठला? म्हणून गयाबाईंची अख्खी कॅसेट, पहिल्यापासून शेवटपर्यंत, भरपूर संख्येनं आधीच भरून न्यायची. पण आप्पांच्या डोक्यात एक किडा होता. दुसरे दुकानदार आमच्या कॅसेटीवरून कॅसेटी काढायचे. चोराच्या घरी चोरी! आप्पा संतापले होते. “आपलं नाव आतच घालून टाकू,” म्हणाले. “काढा म्हणावं आता किती काढता ते.” म्हणजे मूळ कॅसेटीतच आमच्या दुकानाची जाहिरात भरायची. तिच्यावरून निघालेल्या प्रत्येक कॅसेटीत ती आपोआप जाणार, आणि तिच्यावरून निघालेल्या पुढच्या कॅसेटीतही.

आवाज माझा ठरला. वाक्यं आप्पांनी वहीच्या पानावर लिहिली आणि चार दिवस माझी तालीम घेतली. “ऐका हो ऐका! भजनाच्या, लग्नाच्या, जत्रेच्या कॅसेटी भरून मिळतील! चौसाळा बसस्टँडसमोर, महानंदा कॅसेट सेंटर! एकदा याल, तर पुन्हा याल!” शेवटचं ‘याल’ मी वर नेऊन असं काही लांबवायची की आप्पा खूश होऊन मांडीवर थाप मारायचे. शाळेत जाता-येता, न्हाणीत, भाकरीचा तुकडा मोडताना, सारखं तेच. आई म्हणायची, “गप की गं भवाने, कान किटले.” रेकॉर्डिंगच्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर ओढलं, त्याला आतून दोन गोधड्या लावल्या. आईला बजावलं, चटणी कुटायची नाही, भांडं आपटायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. ती पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसून राहिली, बिचारी.

कंपनीच्या कॅसेटीवर कुणी काही भरू नये म्हणून तिच्या पाठीवर दोन भोकं ठेवलेली असतात. भोकात कागदाचा बोळा कोंबला की झालं, भरा काय भरायचं ते. बोळा मीच कोंबला. आप्पा म्हणाले होते, “दुसऱ्या बाजूला शेवटी कोरी जागा असंल, तिथं घाल.” मी टेप पुढं पळवला. कोरी जागा होती, पण एवढीशी. ‘ऐका हो ऐका’ म्हणेपर्यंत संपली असती. बाहेर कुणीतरी शटर वाजवायला लागलं होतं, गोधड्यांमुळं आत गुदमरत होतं. मी टेप थोडा मागं घेतला. दहा नंबरच्या गाण्यात आले. किती मागं आले ते बघितलं नाही, आवाजाचं बटणही वर केलं नाही. मनात म्हटलं, कोण ऐकतंय हे? आणि लाल बटण दाबलं. एका दमात, न अडखळता, म्हणून टाकलं. मग हौसेनं आणखी दोनदा म्हटलं, गाण्याची उरलेली जागा संपेपर्यंत. आप्पांनी पाठ थोपटली. “कोऱ्या जागेत बसलं ना?” “बसलं,” म्हटलं मी. एवढाच शब्द. आज लिहिताना हात थांबतो माझा त्या शब्दापाशी.

जत्रा दणक्यात झाली. कॅसेटी संपल्या. आणि मग माझा आवाज फिरायला लागला. मांजरसुंब्याच्या घाटात कुणाच्या जीपमधे गयाबाई संपल्या की मी सुरू. शाळेतल्या पोरी मला बघून ‘ऐका हो ऐका’ म्हणायच्या. मी वरवर चिडायची, आतून नुसती फुगायची. एका मास्तरांनीसुद्धा हजेरी घेताना विचारलं, “काय महानंदा, पुन्हा याल का?” सगळा वर्ग हसला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारसा नाही.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी एक माणूस आपल्या बायकोला धरून धरून दुकानाची पायरी चढवत होता. धोतर, मळका फेटा, काखेत पिशवी. बाईचा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू, अगदी मधोमध लावलेलं, ते त्यानंच लावलं असणार. बाकड्यावर तिला बसवून तो म्हणाला, “आप्पा, वळखलं न्हाई व्हय? मी किसनबा. डफवाला. अन् ही गया.”

आप्पांच्या हातातली कॅसेट तशीच राहिली. “गयाबाई? आमच्या दुकानात?” त्यांनी आत हाक मारली, “अगं, कोण आलंय बघ!” आई चहा घेऊन आली, आणि बाईंना कप धरता येईना हे बघून स्वतःच शेजारी बसून बशीनं पाजायला लागली. अर्धा चहा हनुवटीवरून ओघळला. आईनं तो पदरानं टिपला. गयाबाई तिच्याकडं बघत होत्या आणि एकच शब्द म्हणत होत्या. “न्हाई. न्हाई.”

किसनबानं सगळं सांगितलं. उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेतली आणि बाई खाली बसली. लकवा मारला. बीडला नेलं. जीव राहिला, पण बोलणं गेलं. “सगळं समजतंय हो तिला. पर तोंडात शबूद येत न्हाई. एक ‘न्हाई’ तेवढं ऱ्हायलंय. डाक्टर म्हनला, गाण्याची बाई हाय, हिचीच गाणी हिला ऐकवा. बोलाय न येणारी माणसं कधी कधी गाऊ शकतेत म्हनं. त्या वाटनं बोलणं माघारी येतंय. आमच्याजवळ कॅसेट होती ती कुणी नेली, माघारी दिली न्हाई. तेलगावात म्हनले, चौसाळ्याला जावा, मूळ कॅसेट तितं हाय.”

“हाय की!” आप्पा म्हणाले. “कावून नसंल?” त्यांनी बाकीचे दोन्ही टेप बंद केले. आमच्या दुकानात एवढी शांतता मी पहिल्यांदा बघितली. सासू लागली. रस्त्यावरची माणसं थांबली, दाराशी चार तोंडं जमली, हसायला लागली. गयाबाईंनी मान हलवली. “न्हाई.” आप्पांनी तीन नंबर लावला. “न्हाई.” पाच नंबर. “न्हाई, न्हाई.” मग बाईंनी डावा हात वर केला. पाची बोटं दाखवली, मूठ मिटली, पुन्हा पाची बोटं दाखवली.

“धा नंबर,” किसनबा म्हणाला. “ते व्हय! ते लई येगळं गाणं हाय, आप्पा. नऊ गाणी झाली अन् कंपनीवाला म्हनला, टेप शिल्लक हाय, अजून एखादं म्हणा. तवा हिनं तितंच बसल्या जागी रचलं. पुन्यांदा कुठं म्हणलंच न्हाई. जत्रंत सासूच मागतेत लोक.”

मी म्हणाले, “आप्पा, ती बाजू खराब झालीय.” आप्पा म्हणाले, “खराब कशी? परवा तर भरली तू.” “मग टेपचं हेड खराब झालंय,” म्हणाले मी. “येडी का काय गं,” म्हणत त्यांनी टेप पुढं पळवला. मी पडद्यामागं जायला निघाले, पण आईनं बशी माझ्या हातात दिली, तिथंच उभी राहिले.

पहिल्यांदा डफ नव्हताच. नुसता गळा. ‘हळू चाल रं कोयत्या, बांधाला बाळ निजलं, दहिवर पडलं पाचटाला, पांघरूण भिजलं.’ इतक्या कॅसेटी भरल्या होत्या, पण कान देऊन मी पहिल्यांदा ऐकत होते. सासूवाल्या गयाबाई ह्याच, हे पटेना. असं वाटत होतं की ही बाई कुणासाठी गात नाही, त्या पोराला जाग येऊ नये म्हणून खालच्या आवाजात काम करता करता पुटपुटतेय. आणि बाकड्यावर बसलेल्या बाईंचे ओठ हलले. आधी नुसते हलले. मग आवाज आला, जाडाभरडा, ओढत ओढत. “हळू... चाल... रं... कोयत्या...” किसनबा उभा राहिला. “बांधाला... बाळ...” शब्द येत होते! स्पष्ट येत होते! आईनं माझा दंड घट्ट धरला. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि किसनबा तर हात जोडून टेपरेकॉर्डरपुढंच उभा. टेपवरच्या गयाबाई दुसऱ्या कडव्याला आल्या. ‘बाळ उठंल तवा इचारंल...’ बाकड्यावरच्या गयाबाई म्हणाल्या, “बाळ... उठंल... तवा... इचारंल...”

“ऐका हो ऐका!”

पूर्ण वाजली जाहिरात. तीन वेळा. कुणाला बटण दाबायचं सुचलं नाही. गयाबाईंचं तोंड पुढच्या शब्दासाठी उघडलेलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. माझा तो वर नेलेला ‘याल’ दुकानभर घुमला. दाराशी उभी असलेली माणसं हसली, त्यांना वाटलं ही गंमतच आहे. मग खरखर सुरू झाली. किसनबा आम्हाला हातानं गप्प करत होता. “थांबा, थांबा. जाहिरात झाली. आता गाणं लागंल.” रेडिओवर लागतं ना तसं त्याला वाटलं. आम्ही सगळे थांबलो. खरखर ऐकत राहिलो. टेप संपला, खट्‌कन बटण वर आलं.

“लावा की पुढचं, आप्पा,” किसनबा म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, क्षणभरच. मग ते किसनबाकडं वळले आणि म्हणाले, “माझ्याच हातनं झालं, किसनबा. जागा चुकली माझी.” माझ्या हातात बशी होती. बोलायला पाहिजे होतं मी, कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. आज साठीकडं झुकले तरी तिथं उभं राहून मी ते वाक्य मनात म्हणते, मी केलं, मी केलं. त्याचा आता काय उपयोग?

पुढचे दोन महिने आप्पांनी दुसरी मूळ कॅसेट शोधण्यात घालवले. कंपनीच्या पत्त्यावर मी तीन पत्रं लिहिली. एक परत आलं, बाकीच्यांचं काही कळलं नाही. नेकनूरच्या एका जीपवाल्याकडं कंपनीची कॅसेट आहे असं समजलं, तर त्यानं ती गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवलेली. तिचा पापड झाला होता. बाकी ज्याच्या त्याच्याकडं आमचीच. आप्पा घरोघर जाऊन विचारायचे, लोक कौतुकानं लावून दाखवायचे, आणि प्रत्येक घरात ‘बाळ उठंल तवा इचारंल’च्या पुढं मी. आपलं नाव आत घालायचं होतं ना आप्पांना? गेलं होतं नाव सगळीकडं. किसनबाला शब्द आठवत नव्हते. “मी ताल धरीत होतो. शबदाकडं कोण बघतंय?” असं म्हणून तो स्वतःच्याच कपाळावर बुक्की मारायचा. मागं झील धरणारा एक होता, तो म्हणाला, मला फक्त ‘हळू चाल’ म्हणायचं काम होतं.

त्या पहिल्या दिवशी जाताना किसनबानं ‘हाय तेवढं तरी द्या’ म्हटलं होतं. आप्पांनी दुकानातला एक टेपरेकॉर्डरच त्याला देऊन टाकला आणि मला गाणं भरायला सांगितलं. मी जाहिरातीच्या आधी थांबवणार होते. किसनबानं माझा हात धरला. “पुरं भर, माय. गाणं तुज्या आवाजाच्या खाली असंल. काय सांगावं, वाजून वाजून वर येईल.” मी त्याला समजावलं, किसनबा, तसं नसतं, पुसलं की पुसलं. तो मान हलवत राहिला. ज्याच्या बायकोच्या तोंडातून नुकतेच दीड कडव्याचे शब्द बाहेर आलेत त्याला कोण काय समजावणार? मी पुरं भरलं.

आता लोकगीतांवर काम करणारी पोरं येतात माझ्याकडं. मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती, हुशार, गोड बोलणारी. म्हणाली, आजी, ‘कोयत्या’चा पूर्ण पाठ कुठंच मिळत नाही, सगळीकडं मधेच कुठल्या तरी दुकानाची जाहिरात आहे. मी तिला लाडू दिला, पाणी दिलं आणि म्हटलं, मला काही आठवत नाही गं. ती गेल्यावर मलाच माझा राग आला, म्हणून हे लिहायला बसले.

त्याच वर्षी पावसाळा सरत असताना तेलगावहून पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘गया बोलायला लागली आहे. नंदाला घेऊन या.’ आप्पांनी ते कार्ड मोठ्यानं वाचलं, मग आईला वाचून दाखवलं, मग गिऱ्हाइकांना. आईनं पहाटे उठून शेंगापोळ्या केल्या, फडक्यात बांधून दिल्या. “तिला भरवा हातानं,” म्हणाली. बीडला बस बदलून आम्ही तेलगावला पोचलो तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर होतं. आप्पा वाटेनं बोलत होते, कित्येक महिन्यांनी. म्हणाले, “बघ, देव हाय.” मलाही वाटलं, सुटले मी.

पत्र्याचं घर. बाहेर लिंबाखाली बाजेवर गयाबाई बसलेल्या, नवं लुगडं, वेणी घातलेली. शेजारीपाजारी जमलेले. किसनबाचा आनंद मावत नव्हता. टेपरेकॉर्डर चादरीत गुंडाळून ठेवला होता, तो त्यानं बाळासारखा बाहेर आणला. “रोज लावतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बाकीच्या गाण्याला हिला गोडी न्हाई, ह्योच एक धा नंबर. आता बघा. गया, म्हण की.” टेप लावायची गरजच नव्हती. त्यानं नुसता मांडीवर ठेका धरला.

गयाबाई गायला लागल्या. आता न अडखळता. उसाच्या पाचटावरचं दहिवर, भिजलेलं पांघरूण, सगळं आलं. आप्पा पुढं सरकून ऐकत होते. “बाळ उठंल तवा इचारंल...” म्हणाल्या, श्वास घेतला, आणि त्याच दमात, वाकड्या तोंडानं, माझ्या हेलानं, “ऐका हो ऐका! भजनाच्या, लग्नाच्या, जत्रेच्या कॅसेटी भरून मिळतील! चौसाळा बसस्टँडसमोर...”

एकही अक्षर चुकलं नाही. ‘याल’सुद्धा बरोब्बर वर नेला. शेजारच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. किसनबा माझ्याकडं बघून म्हणाला, “बघितलंस का, माय? किती शबूद आले! पाणी मागाय येत न्हाई अजून, माझं नाव घ्याय येत न्हाई, पर ह्ये सगळं येतंय. तुज्यामुळं आलं.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. आप्पा उठले आणि गोठ्याच्या पलीकडं जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. शेंगापोळ्यांचं फडकं माझ्या मांडीवर होतं. मी एक तुकडा मोडून बाईंच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला नाही. डाव्या हातानं माझं मनगट धरलं, चांगलंच घट्ट, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. किसनबा म्हणाला, “संगं म्हण, संगं म्हण, तिला बरं वाटतंय.” म्हणून मीही म्हणायला लागले. काय करणार होते दुसरं? कोयता, बाळ, दहिवर. मग ‘बाळ उठंल तवा इचारंल’. आणि त्या थांबल्या. ह्या वेळी ‘ऐका हो’ आलं नाही. ओठ घट्ट मिटून त्यांनी ते आत दाबून धरलं होतं, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना कळलं होतं की तो आवाज ह्या पोरीचा. जिच्या आवाजानं गाणं नेलं, तिलाच पुढचं ठाऊक असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्या वाट बघत राहिल्या. मी मान खाली घातली, तर त्यांनी मनगटाला हिसडा देऊन मला पुन्हा वर बघायला लावलं.

“सांग की, माय,” किसनबा शेजारून अगदी हळू आवाजात म्हणाला. “बाळ काय इचारतंय?”